उपराष्ट्राध्यक्ष: यातल्या ‘उप’चा अर्थ नेमका काय?

प्रश्न

अमेरिकेच्या जे. डी. व्हान्स यांच्यासाठी मराठी बातम्यांत तीन शब्द दिसतात: उपराष्ट्राध्यक्ष, उपाध्यक्ष आणि उपराष्ट्रपती. यातला योग्य कोणता? आणि इथे ‘उप’चा अर्थ काय घ्यायचा? आपल्याकडे उपमुख्यमंत्री म्हटलं की खाती, फायली, निधी हे सगळं डोळ्यांपुढे येतं. तिकडेही तसंच असतं का?

उत्तर

पहिलं सोपं आहे. अमेरिकेच्या प्रमुखाला मराठीत राष्ट्राध्यक्ष आणि भारताच्या प्रमुखाला राष्ट्रपती म्हणायचं हे आता रुळलं आहे, तेव्हा तिथे उपराष्ट्राध्यक्षच हवा. नुसता ‘उपाध्यक्ष’ टाळावा. उपाध्यक्ष पतसंस्थेलाही असतो आणि आपल्या विधानसभेलाही.

‘उप’ची गोष्ट मात्र मोठी आहे. मराठीत पदाच्या आधी लागणाऱ्या ‘उप’ला दोन छटा आहेत. उपजिल्हाधिकारी, उपअभियंता यांतला ‘उप’ वरच्याच्या हाताखाली रोजचं काम उचलतो. उपसरपंच, उपसभापती यांतला ‘उप’ मुख्य माणूस नसताना त्याच्या जागी बसतो. इंग्रजी ‘व्हाइस’ हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ ‘च्या जागी’. म्हणजे दुसरी छटा. अमेरिकेची राज्यघटना वाचली तर हेच दिसतं. या पदाला तिने राज्यकारभारातलं एकही काम दिलेलं नाही.

दिलंय ते एवढंच. सिनेटच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, अध्यक्षस्थानी बसायचं, पण मत द्यायचं ते समसमान मतं पडली तरच. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत राज्यांकडून आलेल्या मतांचे दाखले दोन्ही सभागृहांसमोर उघडायचे. आणि राष्ट्राध्यक्षाचं पद रिकामं झालं तर तिथे जायचं. कार्यकारी सत्ता ‘एका राष्ट्राध्यक्षाकडे’ राहील असं दुसऱ्या अनुच्छेदाच्या सुरुवातीलाच म्हटलंय आणि त्या वाक्यात उपराष्ट्राध्यक्ष कुठेच नाही. खातं नाही, नेमणुकीचा अधिकार नाही, सैन्यावर हुकूम नाही. दुसऱ्या बाजूने राष्ट्राध्यक्षही त्याला पदावरून काढू शकत नाही, कारण तो लोकांनी निवडून दिलेला असतो. त्याला हटवायचं तर महाभियोगच चालवावा लागतो.

सिनेटचं अध्यक्षपद त्याच्याकडे का दिलं? 1787 मध्ये फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत यावर वाद झाला होता. कार्यकारी बाजूचा माणूस कायदेमंडळात बसवणं काहींना पटत नव्हतं. कनेक्टिकटचे रॉजर शर्मन यांचं म्हणणं होतं की हे काम दिलं नाही तर त्याला दुसरं कामच उरणार नाही. पुढच्या वर्षी अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी अधिक पक्का युक्तिवाद लिहिला: एखाद्या सिनेटरलाच अध्यक्ष केलं आणि अध्यक्षाला फक्त निर्णायक मत ठेवलं, तर त्याच्या राज्याचं हक्काचं एक मत बुडेल. राज्यांच्या समान मतांवर उभ्या असलेल्या सभागृहात हे चाललं नसतं. मला हे कारण शर्मन यांच्या कारणापेक्षा वजनदार वाटतं.

पहिले उपराष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी 29 वेळा निर्णायक मत दिलं. तरीही 1793 मध्ये पत्नी अ‍ॅबिगेल यांना लिहिलेल्या पत्रात, माणसाच्या कल्पनेतून निघालेलं हे सर्वांत क्षुल्लक पद आहे, अशा अर्थाचं त्यांनी म्हटलं. सर्वाधिक निर्णायक मतांचा विक्रम कमला हॅरिस यांचा, 33. जो बायडेन यांना मात्र 8 वर्षांत एकदाही अशी संधी आली नाही. म्हणजे घटनेने हातात दिलेला हा एकमेव खरा अधिकारही सिनेटमधल्या पक्षबळावर अवलंबून.

— पण बातम्यांत उपराष्ट्राध्यक्ष परदेश दौरे करतात, धोरणं ठरवतात. ते कुठून आलं?

ते राष्ट्राध्यक्षाने दिलेलं असतं, आणि तो ते परत घेऊ शकतो. 1949 पासून कायद्याने त्याला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेवर जागा आहे, पण तो कायदा आहे, घटना नव्हे. व्हाइट हाउसच्या पश्चिम भागात त्याला कार्यालय मिळालं ते 1977 मध्ये, जिमी कार्टर यांनी वॉल्टर मॉन्डेल यांना तिथे बोलावलं तेव्हा. त्याआधीची स्थिती समजायला हॅरी ट्रुमन यांचं उदाहरण पुरे. एप्रिल 1945 मध्ये रूझवेल्ट वारले तेव्हा उपराष्ट्राध्यक्षपदावर येऊन त्यांना 82 दिवस झाले होते. अणुबाँबच्या प्रकल्पाची माहिती त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर देण्यात आली. युद्ध चालू असताना, देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला!

म्हणून उपमुख्यमंत्र्याशी तुलना उलटी पडते. आपल्या संविधानात उपमुख्यमंत्री हे पदच नाही. तो शपथ घेतो मंत्री म्हणून, आणि अर्थ किंवा गृह असं खातं हाती असल्यामुळे त्याचं वजन असतं. मुख्यमंत्र्याने राजीनामा दिला तर खुर्ची त्याच्याकडे आपोआप येत नाही. अमेरिकेत पद घटनेत लिहिलेलं आहे, खातं नाही, पण वारसा पक्का आहे.

— वारसा पक्का म्हणता, पण तो राष्ट्राध्यक्ष ‘होतो’ की फक्त त्याचं काम पाहतो?

हा प्रश्न शब्दचर्चेत यायलाच हवा होता. मूळ घटनेत वाक्य असं: राष्ट्राध्यक्ष पदच्युत झाला, वारला, राजीनामा दिला किंवा ‘त्या पदाचे अधिकार व कर्तव्ये’ पार पाडायला असमर्थ ठरला, तर ‘तेच’ उपराष्ट्राध्यक्षाकडे जाईल. आता ‘तेच’ म्हणजे काय, पद की अधिकार व कर्तव्ये? इंग्रजीतल्या सर्वनामावरून दोन्ही अर्थ निघतात. मराठीत भाषांतर करताना ‘ते’ म्हटलं तर पद, ‘ते अधिकार’ म्हटलं तर कामकाज, आणि अनुवादकालाच निकाल द्यावा लागतो.

4 एप्रिल 1841 रोजी राष्ट्राध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन शपथविधीनंतर महिन्याभरातच वारले आणि हा प्रश्न कागदावरून खाली उतरला. उपराष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांनी ठाम भूमिका घेतली की आपण कार्यवाहक नाही, राष्ट्राध्यक्षच आहोत. त्यांनी नव्याने शपथ घेतली. ‘कार्यवाहक राष्ट्राध्यक्ष’ असा पत्ता लिहून आलेली पत्रं ते न उघडता परत पाठवत. विरोधक त्यांना अपघाताने आलेले म्हणून चिडवत, पण काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यांचं म्हणणं मान्य केलं आणि पायंडा पडला. हॅरिसन धरून 8 राष्ट्राध्यक्ष पदावर असताना वारले, आणि प्रत्येक वेळी उपराष्ट्राध्यक्ष टायलर यांच्याच वाटेने गेला. घटनेत मात्र तसं स्पष्ट लिहिलं गेलं 1967 च्या 25 व्या दुरुस्तीत, 126 वर्षांनी. त्यात ‘राष्ट्राध्यक्ष होईल’ असं थेट म्हटलंय.

संदिग्ध शब्दाची किंमत मोजावी लागली ती आजारपणात. 1881 मध्ये गोळी लागल्यानंतर जेम्स गारफिल्ड जवळपास 80 दिवस अंथरुणाला खिळून होते. उपराष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी सूत्रं हाती घेतली नाहीत. ‘तेच’ म्हणजे पद असेल तर एकदा घेतलेलं पद बरं झालेल्या राष्ट्राध्यक्षाला परत कसं द्यायचं, याला उत्तर नव्हतं. 1919 मध्ये वुड्रो विल्सन यांना पक्षाघात झाला तेव्हाही टॉमस मार्शल बाजूलाच राहिले. 25 व्या दुरुस्तीने हा गुंता सोडवला: पद रिकामं झालं तर ‘राष्ट्राध्यक्ष’, तात्पुरत्या असमर्थतेत ‘कार्यवाहक राष्ट्राध्यक्ष’. नोव्हेंबर 2021 मध्ये बायडेन यांना तपासणीसाठी भूल दिली होती, तेव्हा कमला हॅरिस सुमारे दीड तास कार्यवाहक होत्या. मराठी बातमी लिहिताना हा फरक जपावा. तिथे ‘हंगामी’ही चालेल, ‘काळजीवाहू’ मात्र नको. तो शब्द बहुमत गेलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या सरकारसाठी आहे.

आपल्या संविधानाने हा घोळ सुरुवातीलाच टाळला. राज्यसभेचं सभापतिपद आणि समसमान मतं झाल्यावरचं निर्णायक मत या दोन्ही गोष्टी आपल्या उपराष्ट्रपतीकडेही आहेत. पण अनुच्छेद 65 नुसार तो नवा राष्ट्रपती येईपर्यंत राष्ट्रपती म्हणून काम पाहतो, राष्ट्रपती होत नाही. 1969 मध्ये झाकिर हुसेन वारल्यावर व्ही. व्ही. गिरी यांनी असाच कार्यभार सांभाळला आणि मग राजीनामा देऊन निवडणूक लढवली. रिक्त जागा 6 महिन्यांत निवडणुकीने भरावी लागते. म्हणूनच दोघांना एकच ‘उपराष्ट्रपती’ शब्द वापरला की वाचकाचा गैरसमज होतो. अमेरिकेतला उरलेली पूर्ण मुदत राज्य करतो, आपला काही महिने कार्यभार पाहतो.

— दाखले उघडायचे म्हणालात. 6 जानेवारी 2021 चा वाद त्यावरूनच ना?

हो. मतांचे दाखले सिनेटचा अध्यक्ष ‘उघडेल’ आणि मग मतं ‘मोजली जातील’ अशी घटनेतली रचना आहे. पहिल्या क्रियापदाला कर्ता आहे, दुसऱ्याला नाही. या फटीतूनच काही राज्यांची मतं नाकारण्याचा अधिकार उपराष्ट्राध्यक्षाला आहे, असा दावा केला गेला. तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी तो मान्य केला नाही, आणि माझ्या मते घटनेचा सरळ अर्थ त्यांनीच लावला. स्वतः उमेदवार असलेल्या माणसाला स्वतःचीच मतं तपासायचा अधिकार घटनाकार देतील हे पटण्यासारखं नाही. 1961 मध्ये रिचर्ड निक्सन आणि 2001 मध्ये अल गोर यांनी अध्यक्षस्थानावरून स्वतःचाच पराभव जाहीर केला होता. 2022 च्या कायद्याने हे काम निव्वळ औपचारिक असल्याचं लिहून टाकलं. 6 जानेवारी 2025 रोजी कमला हॅरिस यांनी त्याच कायद्याखाली डोनाल्ड ट्रम्प यांचा विजय जाहीर केला.

— सिनेटच्या बाबतीत ‘अध्यक्ष’ म्हणायचं की ‘सभापती’?

वरच्या सभागृहाला आपण सभापती म्हणतो, म्हणून ‘सिनेटचे सभापती’ योग्य. प्रतिनिधिगृहाच्या स्पीकरला ‘अध्यक्ष’. उपराष्ट्राध्यक्ष नसताना बसणाऱ्या सिनेटरला काही जण ‘हंगामी सभापती’ लिहितात, ते टाळावं. ते सिनेटने निवडून दिलेलं पद आहे, रूढीप्रमाणे बहुमतातल्या पक्षाच्या सर्वांत ज्येष्ठ सिनेटरकडे जातं आणि वर्षानुवर्षं राहतं. उपसभापती हा शब्द तिथे चपखल बसतो, त्याच दुसऱ्या छटेचा ‘उप’.