‘कचिना डॉल’: बाहुली, मूर्ती की आणखी काही?

प्रश्न: अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यातल्या होपी या मूळनिवासी लोकांच्या कोरीवकामावरचा मजकूर मराठीत करते आहे. ‘कचिना डॉल’ला बाहुली म्हटलं तर खेळणं वाटतं, मूर्ती म्हटलं तर देव्हारा आठवतो.

उत्तर १: मूर्ती नकोच, तिची पूजा होत नाही. शिवाय इथे दोन शब्दांची गल्लत आहे. कात्सिना (अनेकवचन कात्सिनम) हे पाऊस आणणारे आत्मे. हिवाळ्यात गावात येतात, जुलैत परततात. लाकडाची ती ‘तिहू’, अनेक असतील तर ‘तिथू’. पोवामुया आणि नीमान या सोहळ्यांत कात्सिनम, म्हणजे त्यांचं रूप घेतलेले नर्तक, ती मुलींना देतात, मग ती घरात भिंतीला टांगतात. ‘कचिना’ हे बाहेरच्यांनी रुळवलेलं रूप, होपीत ‘चहा’तला ‘च’ नाही. एकदा ‘तिहू, म्हणजे कात्सिनाची बाहुली’ असं लिहा, पुढे नुसतं तिहू.

उत्तर २: तान्हीला देतात त्या चपट्या तिहूला मात्र ‘ठकी’ शोभेल. फळीसारखं अंग, बाकी सगळं रंगाने दाखवलेलं.

उत्तर ३: ‘कॉटनवुड’चं ‘कापसाचं लाकूड’ करू नका, हसू होतं! झाड पॉपलरच्या कुळातलं आहे आणि वापरतात ते त्याचं वाळलेलं मूळ, होपीत ‘पाको’. पांगाऱ्यासारखं हलकं, आडवं कापलं तरी सहसा चिरफळत नाही. पण आत ओल राहिली तर वाळताना तडा जातो, तोही कोरून झाल्यावर.

क्रियापदंही वेगळी ठेवा. करवतीने तुकडा *कापतात*, पटाशीने ढोबळ अंग *तासतात*, बोटं आणि कान चाकूने *कोरतात*, कानस नि वाळूच्या दगडाने *घासतात* (आता पॉलिशपेपरने). मग पांढऱ्या मातीचं *अस्तर*. ते नसेल तर लाकूड रंग पितं आणि रंग मळकट दिसतो. जुन्या तिथूंवर हेच अस्तर पोपडे धरून सुटतं, त्यासाठी ‘रंग उडालेला’पेक्षा ‘अस्तर सुटलेलं’ नेमकं.

उत्तर १: ‘पिसं खोचलेली’ हेही बघून लिहा. १९१८च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यामुळे बऱ्याच रानपक्ष्यांची पिसं लावलेली वस्तू विकता येत नाही. त्यामुळे विक्रीच्या आजच्या तिहूवर पीसही बहुधा लाकडाचंच, एकेक रेघ कोरलेलं.

प्रश्नकर्ती: आणि तोंड? ‘मुखवटा’ लिहिलंय.

उत्तर १: ‘चेहरा’ करा. तिहू कात्सिनाची आहे, मुखवटा घातलेल्या माणसाची नव्हे.