मदत हवी आहे: तालुक्याच्या वाचनालयात मोफत लेखक-भेट आणि सिनेमा सुरू करायचा आहे

नमस्कार मंडळी,

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. शासनमान्य, सरकारी वर्गवारीत तालुका 'ब' वर्ग. मी शाळेत मराठी शिकवते आणि यंदा वाचनालयाच्या कार्यकारिणीत आले आहे. महिन्याला एक कार्यक्रम सुरू करायचं मनात आहे. एका महिन्यात लेखकाशी गप्पा, पुढच्या महिन्यात सिनेमा आणि त्यावर चर्चा. प्रवेश सगळ्यांना मोफत. सभासद असो-नसो, बाजाराला आलेली बाईसुद्धा पिशवी कोपऱ्यात ठेवून निवांत बसली पाहिजे.

गावातली टॉकीज बंद पडली, तिथे मंगल कार्यालय झालं. सिनेमा म्हणजे आता ज्याचा त्याचा मोबाइल. लेखकांची गत त्याहून वाईट. आपल्याच जिल्ह्यातल्या आसाराम लोमटे यांना 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण लेखक कुठे राहतात असं दहावीच्या मुलींना विचारलं, तर पुण्या-मुंबईच्या अलीकडे कुणी येत नाही. आपल्या बोलीत बोलणारा, आपल्यासारखाच एसटीतून उतरणारा माणूस पुस्तक लिहितो हे या मुलींनी समोर बसून बघावं, एवढ्यासाठी माझी धडपड आहे.

आता अडचणी सांगते. सगळ्यात मोठी जागेची.

वाचनालयाला हॉल एकच, आणि तीच अभ्यासिका. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी मुलं-मुली सकाळी सहाला येऊन बसतात ती रात्री दहाला उठतात. टेबलाच्या कडेला सेलोटेपने वेळापत्रक चिकटवलेलं, पाण्याची बाटली, खुर्चीवर घरून आणलेली उशी. यातली बरीच खेड्यावरची आहेत, घरी अभ्यासाला जागा नाही. कार्यक्रमासाठी त्यांना उठवायला कार्यकारिणीतले दोन ज्येष्ठ सभासद तयार नाहीत, आणि त्यांचं म्हणणं मला खोटं पाडता येत नाही.

मग अंगण उरतं. लेखकासाठी अंगण चालेल. सिनेमाला मात्र अंधार पडायला हवा, आणि आसपासच्या गावांची शेवटची एसटी अंधाराच्या आधीच निघते. म्हणजे सिनेमा लागेल तेव्हा खेड्यावरच्या मुली निघून गेलेल्या, गावातल्या बायका स्वयंपाकात. समोर उरणार नेहमीचीच पेन्शनर मंडळी. त्यांच्याबद्दल आदर आहे, वाचनालय त्यांनीच जगवलं. पण कार्यक्रम फक्त त्यांच्यासाठी करायचा नाही.

दुसरं, सिनेमाची परवानगी. "पेन ड्राइव्ह लावा, कोण बघायला येतंय" असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. लेखक-प्रकाशकांच्या हक्कावर ज्याची कपाटं उभी आहेत, त्या वाचनालयाने चोरीची प्रत दाखवायची? नियम नेमका काय आहे ते कुणी नीट सांगेल का?

तिसरं, लेखकाचं मानधन. अनुदान दोन हप्त्यांत येतं, तेही कधी येईल तेव्हा खरं. त्यातून पगार, वीजबिल, पुस्तकं. "येण्याजाण्याचं भाडं आणि शाल-श्रीफळ द्यावं" असा सूर आहे. पण पुण्याहून येणाऱ्या माणसाचे दोन दिवस जातात. श्रोत्यांना मोफत म्हणजे लेखकालाही फुकट राबवायचं, हे मला मान्य नाही. तुमच्याकडे हा मेळ कसा घालता?

— सुगी

—

प्रतिसाद 1, ग्रंथपाल (बीड जिल्हा)

सुगीताई, अभ्यासिकेतल्या मुलांना अडथळा समजू नका. आमच्याकडेही हाच पेच होता. आम्ही त्यांनाच बसवून विचारलं. रविवारी सकाळी त्यांची सराव परीक्षा असते, दुपारी डोकं चालत नाही, ते दोन-तीन तास हॉल द्यायला मुलं आपणहून तयार झाली. अट एकच घातली, पाचला हॉल पूर्ववत. खुर्च्या लावण्यापासून प्रोजेक्टरपर्यंत आता तीच सांभाळतात.

दुपारच्या अंधारासाठी मंडपवाल्याकडून काळं कापड भाड्याने घ्या आणि खिडक्यांना बाहेरून लावा, आतून लावलं तर वाऱ्याने फडफडतं. प्रोजेक्टर तीन हजार ल्युमेनच्या (हे उजेडाचं माप) खाली नको. पत्र्याचं छत असेल तर आवाज घुमतो, संवाद कळत नाहीत. मागच्या भिंतीवर सतरंज्या टांगा, स्पीकर प्रेक्षकांच्या कानाच्या उंचीवर ठेवा. याने फार फरक पडतो.

पैशाचं: राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान या केंद्र सरकारच्या संस्थेच्या योजनांत चर्चासत्रं, ग्रंथप्रदर्शनं यांसाठी साहाय्य आहे. प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत जातो, त्यांना एकदा समक्ष भेटा. आणि 15 ऑक्टोबर (वाचन प्रेरणा दिन), 27 फेब्रुवारी (मराठी भाषा गौरव दिन), 17 सप्टेंबर (मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन) या तारखांना नाहीतरी कार्यक्रम करावाच लागतो. हारतुरे आणि भाषणांऐवजी तिथे लेखक बसवा.

—

प्रतिसाद 2, पडदा (छ. संभाजीनगर)

परवानगीबद्दल. तिकीट नाही म्हणून सूट मिळते हा गैरसमज आहे. मोफत असला तरी वाचनालयातला खेळ जाहीर खेळच. कॉपीराइट कायदा 1957, कलम 52 मध्ये सूट आहे ती शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमाला, आणि प्रेक्षक म्हणून फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक असतील तरच.

पण तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून हे कलम तुमच्या कामाचं आहे. शाळेचा उपक्रम म्हणून शाळेतच दुपारी सिनेमा ठेवा आणि मुलींच्या आयांना बोलवा. आई पालकच आहे. ज्या बायका संध्याकाळी येऊ शकत नाहीत असं तुम्ही म्हणता, त्याच येतील, आणि मुली शेवटच्या एसटीला पोचतील. फक्त गावभर जाहिरात करू नका, मग ती सूट राहत नाही.

वाचनालयात खुला खेळ करायचा तर दोन वाटा. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो, म्हणजे 1964 पर्यंतचे चित्रपट त्यातून मोकळे झाले. 'संत तुकाराम' (1936) किंवा 'श्यामची आई' (1953) आजही गर्दी धरून ठेवतात. प्रत मात्र चांगली मिळवा, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र टाकून बघा. दुसरी वाट, लघुपट करणाऱ्या तरुणांना थेट विचारा आणि ईमेलवर लेखी परवानगी घ्या. संभाजीनगर-नांदेडला अशी पुष्कळ मुलं आहेत, प्रेक्षक मिळाले तर स्वखर्चाने येतात. सेन्सॉर प्रमाणपत्र आहे का तेही आधी विचारा.

यूट्यूब लावून दाखवू, हे मनातून काढा. त्यांच्या अटींत जाहीर प्रदर्शनाला स्पष्ट मनाई आहे. ओटीटीचं घरचं खातंही तसंच.

—

प्रतिसाद 3, तपोवन

मानधनाबद्दल माझं ठाम मत आहे, पाकीट द्यायचंच. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती फोनवर आधी सांगायची. कार्यक्रम झाल्यावर हातात किती पडणार हे लेखकाने ताटकळत का बघावं?

खर्च वाटून घेता येतो. जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, नांदेड ही सगळी एकाच रेल्वेमार्गावर आहेत. तीन वाचनालयांनी ठरवलं तर पुण्या-मुंबईचा लेखक एका फेरीत तीन गावं करतो. भाडं तिघांत, मुक्काम कुणाच्या तरी घरी. लेखकालाही ते परवडतं, पुस्तकंही तीन ठिकाणी विकली जातात. विक्रीचं टेबल दाराशीच ठेवा आणि सुटे पैसे घेऊन एक माणूस तिथे बसवा.

आणि हात जोडून एक विनंती, सत्कार आवरा. प्रास्ताविक, दीपप्रज्वलन, स्वागत, पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षांचं मनोगत. लेखक बोलायला उठतो तोवर बायका घरी निघालेल्या असतात. आम्ही आता लेखकाला आल्याआल्या बोलू देतो, आभार दोन वाक्यांत. पहिल्या वेळी मानाची माणसं रुसली, नंतर सवय झाली.

—

सुगी

तिघांचेही मनापासून आभार. आयांना शाळेत बोलवायचं सुचलंच नव्हतं, मुख्याध्यापकांशी उद्याच बोलते. रविवार दुपारचं अभ्यासिकेतल्या मुलींना आज विचारलं. एक जण म्हणाली, "मॅडम, लेखक मुलाखतीची तयारी करून घेतील का?" म्हटलं, प्रश्न विचार की त्यांना. आता पहिल्या कार्यक्रमाचे प्रश्न या मुलीच काढणार आहेत, सूत्रसंचालकही त्यांच्यातलीच. तपोवन, सेलू-मानवतकडच्या वाचनालयांशी मी बोलते, पण परतूर किंवा जालन्याचं कुणी इथे असेल तर कृपया लिहा. कापसाची वेचणी उरकल्यावर, जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात पहिली फेरी धरायचा विचार आहे.

एक शंका राहिली. जानेवारीचं निभेल, पण एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा 42 च्या वर जातो. पत्र्याखाली, खिडक्यांना काळं कापड लावून दुपारी दोन तास माणसं बसतील का? उन्हाळ्यात असा खेळ कुणी केला असेल तर हवेची काय सोय केली ते सांगा. कूलर लावला तर त्याच्या आवाजात संवाद ऐकू येतात का?