फाउंडेशनची छटा दिवसाच्या उजेडात निवडावी

रोजच्या मेकअपसाठी फाउंडेशन आपल्या रंगापेक्षा एक छटा उजळ घ्यावे, असा सल्ला अनेकदा दिला जातो. त्याच्याशी मी सहमत नाही. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर उजळ छटा राखाडी दिसते आणि चेहरा मानेपासून वेगळा पडतो. दुकानातल्या दिव्याखाली मनगटावर छटा पाहण्याऐवजी ती जबड्याच्या कडेवर लावावी, दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण अनेक फाउंडेशने त्वचेवर लावल्यानंतर किंचित गडद होतात, आणि मग बाहेर दिवसाच्या उजेडात आरशात पाहावे. जी छटा नेमकी कुठे संपते ते कळत नाही, तीच आपली.

मुळात संपूर्ण चेहऱ्यावर थर देण्याची गरजच नसते. सनस्क्रीन मुरल्यावर डोळ्यांखाली, नाकाच्या कडांना आणि डागांवर तेवढेच फाउंडेशन ओलसर स्पंजने थोपटून बसवावे, चोळू नये. ज्यांना वांगाचा त्रास आहे, त्यांनी रंगछटा असलेले सनस्क्रीन अवश्य वापरून पाहावे, कारण वांग गडद करणारा दृश्य प्रकाश त्यातील आयर्न ऑक्साइड या रंगद्रव्यामुळे बराच अडतो, जे साध्या सनस्क्रीनला तितकेसे जमत नाही.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत पावडर फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर पुरे. विटकरी किंवा तपकिरी-गुलाबी लिपस्टिक ओठांवर बोटाने टेकवून लावावी, आणि उरलेला रंग गालांवर पसरवावा. वेगळ्या ब्लशची गरज भासत नाही.