उ: ओपन बॅफल स्पीकरला सबवूफरची जोड

ओपन बॅफल (मागून बंद पेटी नसलेला, नुसत्या फळीवर बसवलेला) स्पीकरला सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर) जोडल्यावर सबवूफरचा आवाज वेगळा ऐकू येतो म्हणून त्याची पातळी कमी करावी, अशी सूचना या चर्चेत आधी आली आहे; तीत मला थोडी भर घालावीशी वाटते. ओपन बॅफलमध्ये पुढची व मागची ध्वनिलहर खालच्या स्वरांत एकमेकींना रद्द करत असल्याने त्याचा आवाज दर सप्तकाला सुमारे ६ डेसिबलने उतरतो आणि कलाही (फेज, म्हणजे लहरीच्या चढउताराची वेळ) सरकते. त्यामुळे खरी अडचण बहुधा पातळीपेक्षा कलेची असते. क्रॉसओव्हरच्या (जिथे आवाज सबवूफरकडून मुख्य स्पीकरकडे जातो त्या) वारंवारतेचा शुद्ध स्वर दोन्हींवर लावून सबवूफरची ध्रुवता (जोडणीतील + आणि − टोके) उलटी करावी, ऐकण्याच्या जागी मायक्रोफोन ठेवून आवाज सर्वांत क्षीण होईपर्यंत सबवूफरचा फेज किंवा डिले (आवाजाला दिलेला विलंब) बदलावा आणि मग ध्रुवता पूर्ववत करावी. पातळी त्यानंतरच ठरवावी. शक्य असल्यास दोन सबवूफर वेगवेगळ्या जागी ठेवावेत, कारण बंद पेटीचा सबवूफर खोलीतील अनुनाद (ठरावीक खालचे स्वर खोलीत घुमणे) ओपन बॅफलपेक्षा अधिक चेतवतो.