मदत हवी आहे: संख्यारेषेवर −२.३ नेहमी चुकीच्या बाजूला पडते

−२ मोठी की −५, हे मुलं आता न चुकता सांगतात. अडतं ते दशांशापाशी. −२.३ दाखवायला सांगितलं की बोट −२ वर जातं, तिथून उजवीकडे तीन घरं मोजतं आणि खूण पडते −१.७ वर. मग −२.३ > −२ हे त्यांना रेषेवर दिसतंच, म्हणून चूक पटत नाही.

रेषा −३ ते ३, एक एकक १० सेंमी, दर सेंटीमीटरला बारीक रेघ. तापमापकासारखी उभी रेषा करून पाहिली. पूर्णांकांपुरतीच कामी आली. कागद शून्यावर दुमडून २.३ ची खूण पलीकडे उमटवली की जागा अचूक येते, पण कागद बाजूला ठेवला की पुन्हा तेच.

‘चिन्ह सोडून मोठी, ती ऋणात लहान’ हा नियम मुद्दाम दिलेला नाही. मुलं तो २ आणि −१ लाही लावतात आणि २ ला लहान ठरवतात.

पुढे −२.३ आणि −२ १/३ यांची तुलना आहे. तेव्हा मोजायला कुठून लावावं: दर वेळी शून्यापासून २३ घरं डावीकडे, की −२ पासून तीन घरं डावीकडे? अपूर्णांकांनाही कोणती सवय टिकते?