रॅक बदलण्याआधी बुश बघा
पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ चं स्टीअरिंग मधोमध ढिलं वाटतं म्हणून तुम्ही थेट रॅक, म्हणजे स्टीअरिंगचं वळण चाकांपर्यंत पोचवणारा दातेरी दांडा, बदलायला निघालात. जरा थांबा! १९८९ ते १९९७ मधल्या या गाड्या. सस्पेन्शनच्या सांध्यांमधले रबरी बुश (धक्के शोषणाऱ्या नळ्या) मूळचेच असतील तर कधीच थकलेत. ब्रेक दाबला की आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा सस्पेन्शनचा दांडा) मागे सरकतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) बदलतो आणि चाकाखाली काय चाललंय ते हाताला कळेनासं होतं. पहारीने आर्म हलवून बघा, प्ले (सांध्यातली ढिलाई) डोळ्यांना दिसेल.

रबराऐवजी पॉलियुरेथेनचे (कडक प्लॅस्टिकसारखे) बुश टाकले तर फरक पडतोच, पण ग्रीस कमी पडलं की ते कुरकुरतं. रोजच्या गाडीला मी कडक रबरच घेईन. फक्त रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळा. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) हवंच.