रुग्णाचे छायाचित्र जगाला दाखवण्याचा अधिकार स्वयंसेवकाला कोणी दिला?

शेवंती (फोंडा)
दुभंगलेल्या ओठांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाबरोबर छायाचित्रकार म्हणून स्वखर्चाने मादागास्करला जात असल्याचे 'मांडवीकाठ' यांनी परवा या मंचावर लिहिले, आणि प्रत्येक मुलाचे शस्त्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे छायाचित्र रोज येथे टाकण्याचे वचनही दिले. खाली अभिनंदनाची रांग लागली. त्या मुलांना कोणी विचारले आहे का, असे एकानेही विचारले नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका होते. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मान मागे कलवून खालून, तेवढ्याच अंतरावरून व त्याच प्रकाशात घेतलेली छायाचित्रे शल्यविशारदाला लागतात, कारण ओठाची रेषा आणि नाकपुडीची उंची किती जुळली हे त्यांवरूनच कळते. एक्स-रे जसा केसपेपरमध्ये राहतो, तशीच तीही तेथेच राहायला हवीत. देणगीसाठी किंवा येथे दाखवण्यासाठी तीच छायाचित्रे वापरायची, तर तो निराळा वापर आहे आणि त्याची परवानगीही निराळी घेतली पाहिजे. कागद फ्रेंचमध्ये, आई तेथली मालागासी भाषा बोलणारी, आणि सही मागणारा माणूस डॉक्टरांच्याच पथकातला. मुलाची शस्त्रक्रिया व्हायची असताना ती आई नकार कशी देईल?

म्हापसेकर
ताई, अशा पथकांबरोबर मी स्वतः गेलो आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये निळ्या निर्जंतुक चादरींपासून अंतर राखून, गळ्यातला पट्टा आवरून, फ्लॅश न वापरता तासन्‌तास उभे राहणे ही हौस नव्हे. दुभंगलेल्या ओठांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या 'ऑपरेशन स्माइल' या संस्थेचे संस्थापक 1982 मध्ये फिलिपिन्सला गेले, तेव्हा जितक्या मुलांवर उपचार झाले त्यांहून कितीतरी अधिक मुलांना परत पाठवावे लागले. त्या परत गेलेल्या मुलांमुळेच संस्था उभी राहिली. पुढच्या शस्त्रक्रियांसाठी पैसा लागतो, आणि आकड्यांचे कोष्टक पाहून कोणी पाकिटाला हात घालत नाही. तुम्ही छायाचित्र थांबवाल, तर एखाद्या मुलाची शस्त्रक्रियाही थांबेल. त्या मुलाच्या आईला हे तत्त्व तुम्ही समजावून सांगाल का?

डिचोलीकर
शेवंतीताईंचे बरोबर आहे, आणि त्यासाठी मादागास्करला जाण्याचीही गरज नाही. माझी मावशी पणजीला फोंतेन्यास या जुन्या रंगीत घरांच्या वस्तीत राहते. तिच्या पायरीवर रोज कोणी ना कोणी छायाचित्रासाठी नटूनथटून उभे असते. दार उघडून बाहेर यायचे तर तिलाच थांबावे लागते. तेथल्या काही घरांवर छायाचित्रे काढू नयेत असे फलक लागले आहेत, तरी लोक त्या फलकांसकट छायाचित्र काढतात. कॅमेरा हातात आला की समोरचा माणूस आपलाच वाटू लागतो.

म्हापसेकर
डिचोलीकरबाब, रंगवलेली भिंत आणि मुलाची शस्त्रक्रिया यांची तुलना करू नका. शिवाय त्या छायाचित्रांमुळेच त्या वस्तीतली अतिथिगृहे आणि उपाहारगृहे चालतात, हेही सांगा.

डिचोलीकर
चालवणारे वेगळे आणि सोसणारे वेगळे. मावशीला एक पैसाही मिळालेला नाही. आजारी असताना खिडकीखालचा गोंधळ थांबवा म्हणून ती सांगायला गेली, तर एकाने तिच्याच चेहऱ्यासमोर कॅमेरा धरला. तो प्रसंग ऐकताना मला जो संताप आला, तो तुमच्या कोष्टकात कोठे बसतो तेवढे सांगा. तुम्ही छायाचित्रकार नेहमी कोणाच्या तरी भल्याचेच बोलता आणि परवानगीचा विषय निघाला की चिडता.

म्हापसेकर
'तुम्ही छायाचित्रकार' म्हणजे कोण? मी कोणाच्याही पायरीवर बसलेलो नाही. दुसऱ्याच्या उर्मटपणाचा हिशेब माझ्याकडून मागणार असाल, तर ही चर्चा येथेच थांबवतो.

शेवंती
थांबवू नका. मावशींचे उदाहरण विषयातलेच आहे. त्यांना स्वतःचे घर आहे, शेजार आहे, फलक लावण्याची सोय आहे, तरीही त्यांचे कोणी ऐकत नाही. खाटेवरच्या मुलाकडे यांपैकी काहीही नाही.

ओहोटी (मडगाव)
परवानगी मिळाली तरी प्रश्न संपत नाही. जपानमधील मिनामाताच्या पाराविषबाधेने अपंग जन्मलेल्या मुलीला आई न्हाणीत धरून बसली आहे, हे अमेरिकन छायाचित्रकार युजीन स्मिथ यांचे 1971 चे छायाचित्र आईवडिलांच्या संमतीनेच काढलेले होते. मुलगी 1977 मध्ये गेली, छायाचित्र मात्र जगभर फिरत राहिले. तिला आता विश्रांती मिळावी असे आईवडिलांना वाटू लागले, आणि 1998 मध्ये युजीन यांच्या पत्नी आयलीन स्मिथ यांनी त्याविषयीच्या निर्णयाचा हक्क त्यांना दिला. मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत: काँगोतील अत्याचारपीडित अल्पवयीन मुलींची ओळखता येतील अशी छायाचित्रे दाखवल्याबद्दल 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'वर 2022 मध्ये कडक टीका झाली आणि त्यांना ती काढून घ्यावी लागली.

म्हापसेकर
मिनामाताची अर्धीच गोष्ट सांगितलीत. कारखान्याच्या सांडपाण्याने माणसांचे काय केले, हे जगाला त्याच छायाचित्राने दाखवले. आईवडिलांनी संमती दिली तीही त्यासाठीच. ते काढलेच नसते, तर बरे झाले असते असे तुम्ही म्हणाल का?

ओहोटी
म्हणणार नाही. परंतु स्मिथ पतिपत्नी मिनामातात तीन वर्षे राहिली होती. पाहुण्या पथकाबरोबर आलेला माणूस रांगेतल्या पुढच्या मुलाचे नाव विचारण्याआधीच परत निघतो.

म्हापसेकर
हे मात्र मला नाकारता येत नाही, आवडले नसले तरी. एवढे मान्य करतो: प्रसिद्धीची परवानगी शस्त्रक्रियेनंतर, घरी जाण्याच्या वेळी घ्यावी, ती मालागासी बोलणाऱ्या स्थानिक माणसाने घ्यावी, आणि नकार दिला तरी उपचारांत काही फरक पडणार नाही, हे आधी स्पष्ट सांगावे. मात्र एकही चेहरा दाखवू नका, हे मी कदापि मानणार नाही. बरा झालेला ओठ आपल्या गावाला दाखवावा असे वाटणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, आणि त्यांची इच्छाही इच्छाच आहे.

शेवंती
त्या आईने दाखवावा, अभिमानाने दाखवावा. मोठे झाल्यावर मुलाने तेच छायाचित्र काढून टाकायला सांगितले, तर ते कोणाला सांगायचे आणि ते कोण काढणार, हे संस्थेकडून लेखी घेतल्याशिवाय मांडवीकाठ यांनी विमानात बसू नये, असे माझे मत आहे.

म्हापसेकर
इतक्या अटी घातल्या, तर संस्था दुसरा छायाचित्रकार नेईल.

शेवंती
नेऊ द्या. त्यालाही हेच विचारू.

मांडवीकाठ
सगळे वाचले. काही वाक्ये लागली. उपचारासाठीची छायाचित्रे कोणाच्या ताब्यात राहतील आणि प्रसिद्धीची संमती कोण घेणार, हे मी आज संस्थेला लिहून विचारले आहे. उत्तर येईपर्यंत येथे कोणत्याही मुलाचे छायाचित्र टाकणार नाही. जाणार मात्र आहे, कारण केसपेपरसाठी ती छायाचित्रे कोणीतरी नीट काढलीच पाहिजेत.